जंगलाला प्रमाणपत्र द्यायचं, ते कशाचं?

साध्य आणि साधन यांच्याबद्दल या व्याख्यानमालेत आपण बोलत आलो आहोत. आज तोच विचार घेऊन जरा जंगलात शिरू. एखादं राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य 'उत्तम चाललंय' असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय उत्तम असतं? आणि ते ठरवायचं कुणी?

प्रश्न पुस्तकी वाटेल, पण त्याची किंमत मोजून झालेली आहे. राजस्थानातला सरिस्का व्याघ्र प्रकल्प घ्या. हद्द आखलेली होती, कर्मचारी होते, निधी येत होता, गणना होत होती. कागदावर डझनाहून जास्त वाघ होते. 2005 च्या सुरुवातीला नीट शोध घेतला, तर एकही सापडेना! चोरट्या शिकारीनं सगळे संपवले होते. मग सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं गेलं. पुढच्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं. पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याऐवजी कॅमेऱ्यांचा वापर सुरू झाला. व्यवस्थापनाचं मूल्यमापन स्वतंत्र तज्ज्ञांकडून करून घेण्याची पद्धतही तेव्हापासूनची.

या मूल्यमापनाची चौकट आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेनं घडवलेली आहे. तिच्या सहा पायऱ्या आहेत. परिस्थिती काय आहे, नियोजन कसं आहे, साधनं किती आहेत, काम कसं चालतं, प्रत्यक्ष काय काम झालं, आणि अखेर त्याचा परिणाम काय झाला. शेवटच्या दोन पायऱ्यांत आपण नेहमी गल्लत करतो. वीस पाणवठे बांधले, हे झालेलं काम. त्यामुळे उन्हाळ्यात जनावरं तगली का, हा परिणाम. सरिस्कात पहिल्या पायऱ्यांवर दाखवण्यासारखं पुष्कळ होतं, शेवटची पायरी मात्र रिकामी होती.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. गुण देणं वेगळं आणि प्रमाणपत्र देणं वेगळं. गुणांची बेरीज केली की पर्यटनातले भरघोस गुण गस्तीतली कसर झाकून टाकतात. प्रमाणपत्राच्या मानकात तशी सोय नसते. आययूसीएनची 'ग्रीन लिस्ट' बघा. 2014 मध्ये सिडनीच्या जागतिक उद्यान परिषदेत ती सुरू झाली. तिचे चार घटक आहेत: सुशासन, योग्य आखणी आणि नियोजन, परिणामकारक व्यवस्थापन, आणि संवर्धनाचं प्रत्यक्ष फळ. त्यांत मिळून 17 निकष आहेत आणि यादीत यायचं तर ते सगळेच पुरे करावे लागतात. सहभाग ऐच्छिक असतो. मिळालेला दर्जाही कायमचा नसतो, पाच वर्षांनी पुन्हा तपासणी होते.

तर्काच्या भाषेत सांगायचं तर पहिले तीन घटक आवश्यक आहेत, पण पर्याप्त नाहीत. तिन्ही असूनही जंगल रिकामं होऊ शकतं. उलट एखाद्या वर्षी प्राणी वाढले म्हणून व्यवस्थापन चांगलं, असंही म्हणता येत नाही. पाऊस चांगला झाला असेल! म्हणून फळ हवंच, आणि ते कशामुळे आलं हेही दाखवता यायला हवं.

वाघांसाठी असंच एक वेगळं मानक आहे, 'कॅट्स' नावाचं. ते 2013 मध्ये आलं. त्यात संरक्षण, अधिवास, वाघांची संख्या यांच्याबरोबर स्थानिक समाज आणि पर्यटन हेही तपासतात. 29 जुलै 2021 रोजी भारतातल्या 14 व्याघ्र प्रकल्पांना ही मान्यता जाहीर झाली. त्यात महाराष्ट्रातलं पेंच आहे, आणि मध्य प्रदेशातलं पन्नाही आहे. पन्नातले वाघ 2009 पर्यंत सरिस्कासारखेच संपले होते. त्याच वर्षी बाहेरून वाघ आणून तिथं नव्यानं सुरुवात झाली. बारा वर्षांत शून्यापासून मान्यतेपर्यंतचा हा प्रवास आहे. तो आशा देतो, आणि हातातलं किती लवकर जाऊ शकतं हेही दाखवतो.

मात्र एक प्रश्न राहतो. वाघ वाढले, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्या माणसांना न विचारता उठवलं, तर त्या जंगलाला उत्तम म्हणायचं का? आमचं उत्तर 'नाही' असं आहे. ग्रीन लिस्टमध्ये सुशासन पहिलं येतं, ते आम्हांला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ऑस्ट्रेलियातलं अराक्वाल राष्ट्रीय उद्यान पहिल्याच यादीत आलं. त्याचा कारभार सरकार आणि तिथले मूळ रहिवासी मिळून बघतात. आपल्याकडेही 2006 च्या दुरुस्तीनुसार व्याघ्रक्षेत्रातून होणारं स्थलांतर स्वेच्छेचंच असायला हवं, आणि त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्यानं वनवासींचे हक्क मान्य केले आहेत. कायदा आहेच. निर्णयाच्या बैठकीत गावकऱ्याला खुर्ची मिळाली का, आणि त्याच्या बोलण्यानं काही बदललं का, हे तपासणाऱ्यानं पाहायचं.

प्रमाणपत्र हे साधन आहे. तेच साध्य झालं की फायली नीटनेटक्या होतात आणि जंगल मागे पडतं. म्हणून यापुढे एखाद्या उद्यानाला मान्यता मिळाल्याची बातमी वाचली, की आपण तीन गोष्टी विचारू या: तपासलं कुणी, परिणाम दिसला का, आणि पुन्हा तपासणी कधी? उत्तरं मिळाली तर जरूर आनंद मानू. नाही मिळाली तर विचारत राहू.