सीमेपलीकडून आलेली सून आणि पंधरा वर्षांचा गैरसमज

सिरोंचा, अहेरी, भामरागड, राजुरा, जिवती या तालुक्यांत सोयरीक जुळवताना राज्याची सीमा कुणी विचारात घेत नाही. प्राणहिता-गोदावरी ओलांडली की तेलंगण, इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. दोन्हीकडे नात्यागोत्यातली गावं. लग्न होतं, सून नांदायला येते आणि कागदांची वेळ आली की तिला ऐकवलं जातं, “तू बाहेरची. पंधरा वर्षं झाली की ये.” या एका वाक्यानं कितीतरी बायका आपल्याच घरात पाहुण्यासारख्या राहतात.

पंधरा वर्षांची अट महाराष्ट्राच्या अधिवास दाखल्यापुरती, म्हणजे डोमिसाईलपुरती आहे. नवऱ्याच्या गावी राहायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही. देशात कुठंही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ नं प्रत्येक नागरिकाला दिला आहे. भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्याचा वेगळा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं प्रदीप जैन खटल्यात १९८४ सालीच सांगितलं. लग्नानंतर वाट पाहायला लावणारा कायदा आहे, पण तो परदेशी जोडीदारासाठी. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला नोंदणीनं नागरिकत्व मागण्याआधी सात वर्षं भारतात राहावं लागतं. आसिफाबादची किंवा बिजापूरची मुलगी परदेशी नव्हे.

मतदानाचंही तेच. मतदार यादीसाठी ‘सर्वसाधारण रहिवासी’ असणं पुरेसं आहे. त्याला वर्षांची अट नाही. माहेरच्या यादीत नाव असेल तर नमुना ८ भरून ते सासरी हलवायचं, कुठंच नसेल तर नमुना ६ भरायचा. दोन्हीकडे नाव ठेवणं मात्र गुन्हा आहे. महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांनीही दावा सांगितलेल्या जिवती तालुक्यातल्या चौदा गावांत माणसांकडे दोन मतदार कार्डं, दोन रेशनकार्डं असतात, ती त्या जुन्या वादामुळे. इतरांनी त्याचा दाखला देऊ नये.

रेशनसाठी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणून सासरच्या कार्डात नाव चढवायचं, एवढंच काम. ते होईपर्यंत तिनं उपाशी राहावं असं नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत तेलंगण आणि छत्तीसगड दोन्ही आहेत, त्यामुळे माहेरच्या कार्डावरचं धान्य अंगठा लावून इकडच्या दुकानातून उचलता येतं. लाडकी बहीण योजनेतही परराज्यात जन्मलेल्या सुनेसाठी पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास दाखला ग्राह्य धरण्याचा निर्णय शासनानं जुलै २०२४ मध्ये घेतला.

जंगलातल्या गावांत याहून मोठी गोष्ट ग्रामसभेची. “नवी सून आहे, ती काय बोलणार” असं म्हणून तिला मागं बसवतात. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे गावातली सगळी प्रौढ माणसं म्हणजे ग्रामसभा. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्यात ग्रामसभेचं सदस्यत्व मतदार यादीवरून ठरतं, म्हणून त्या यादीत नाव हलवणं इथं दुप्पट महत्त्वाचं. बांबू, तेंदूपत्ता, सामूहिक वनहक्क यांचे निर्णय त्या सभेत होतात. आणि वनजमिनीचा वैयक्तिक पट्टा विवाहितांच्या बाबतीत नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा, असं कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलेलं आहे. पट्ट्यावर एकट्या नवऱ्याचं नाव असेल तर विचारणा केलीच पाहिजे.

आता उलट्या बाजूचा गैरसमज, जो जास्त महागात पडतो: “आमच्या घरात आली, आता तिला आमची जात लागली.” जात लग्नानं बदलत नाही, ती जन्मानं ठरते. लग्नामुळे नवऱ्याच्या जातीच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं वालसम्मा पॉल खटल्यात १९९६ मध्ये सांगितलं, आणि जात जन्मानंच ठरते हे नंतरच्या निकालांत. शिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत येतात. महाराष्ट्रात तोच समाज बंजारा म्हणून विमुक्त जातींत. तांड्यावरची मुलगी जिवतीत सून झाली की इथं तिला अनुसूचित जमातीचा दाखला मिळत नाही. गोंड दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत, तरीही स्थलांतरित व्यक्तीला राज्याच्या आरक्षणाचा लाभ मूळ राज्यातच मिळतो, असा १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्याचा निकाल आहे. केंद्र सरकारच्या नोकरीला तेलंगणचा दाखला चालतो. महाराष्ट्राच्या नोकरीत किंवा राखीव जागेच्या निवडणुकीत तो अडतो. रोज एकाच बाजारात भेटणाऱ्या माणसांना हा नियम अन्यायाचा वाटतो, आणि मलाही तो सीमेवरच्या आदिवासींसाठी बदलायला हवा असं वाटतं. पण आज तो असा आहे. तो ठाऊक नसल्यानं कुणी मुलगी चुकीचा दाखला काढून पडताळणीत अडकू नये.

मुलांची काळजी त्या मानानं कमी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, जन्माची नोंद तिकडेच होते, कारण जिथं जन्म तिथं नोंद असा नियम आहे. त्यामुळे मूल “तेलंगणचं” ठरत नाही. आई-वडील एकाच जमातीचे असतील तर वडिलांच्या कागदांवर त्याचा इथला दाखला निघतो.

मुलीच्या वडिलांना एक विनंती. पाठवणीआधी तिचा जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि तुमच्या स्वतःच्या जुन्या कागदांच्या प्रती तिच्या हातात द्या. जातीचा पुरावा पुढंही तुमच्याच कागदांवरून लागणार आहे. सासरच्यांनी ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद लगेच करावी. आणि अधिसूचित सेवेचा अर्ज कुणी “पंधरा वर्षांनी या” म्हणून परत केला, तर लेखी कारण मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे ते देणं अधिकाऱ्याला बंधनकारक आहे, आणि त्याविरुद्ध अपील करता येतं.