संकेतस्थळाचे व्यवस्थापन : अधिकार कोणाला आणि किती?

शेतकरी उत्पादक कंपनी असो वा कृषी विज्ञान केंद्र, संकेतस्थळाचे काम एकट्याने होत नाही. कीड-रोगांचा सल्ला विषय विशेषज्ञ लिहितात, बियाण्याचा साठा भांडारपाल कळवितो, छायाचित्रे कार्यालयीन सहायक चढवितो आणि बिघाड झाल्यास बाहेरचा तंत्रज्ञ बोलवावा लागतो. या सर्वांना आत प्रवेश हवा असतो. त्यासाठी अनेक ठिकाणी ‘ॲडमिन’ नावाचे एकच खाते असते आणि त्याचा पासवर्ड व्हॉट्सॲप गटावर टाकलेला असतो. खरिपाच्या धांदलीत ही सोय वाटते.

फवारणीच्या तक्त्यात ‘१० लिटर पाण्यात ३ मि.लि.’ याऐवजी ‘३० मि.लि.’ असे पडले, तर शेतकरी ते दहापट प्रमाणही विश्वासाने वापरतो. चूक कोणाच्या हातून झाली हे शोधावयास जावे, तर प्रत्येक नोंदीपुढे ‘ॲडमिन’ हेच नाव दिसते. बियाण्याच्या आगाऊ नोंदणीच्या पानावरील बँक खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड कोणी हेतुपुरस्सर बदलला, तर रक्कम परक्या खात्यात जाते. संस्थेला ते बहुधा शेतकरी पावती घेऊन दारात उभा राहिल्यावरच कळते.

यावरील पहिला उपाय म्हणजे प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र खाते देणे. वर्डप्रेससारख्या प्रणालीत यासाठी वेगळा खर्च येत नाही. लेखात झालेले बदल तीत आवृत्तीनिहाय जपले जातात आणि प्रत्येक आवृत्तीपुढे बदल करणाऱ्याचे नाव राहते. दुहेरी पडताळणीही तेव्हाच नीट चालते. सामायिक खात्याचा ओटीपी एकाच्याच भ्रमणध्वनीवर येतो. तो माणूस शिवारात असला की बाकीचे खोळंबतात आणि अखेर पडताळणीच बंद केली जाते.

दुसरा प्रश्न अधिकाराच्या मर्यादेचा. वर्डप्रेसमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर आणि सबस्क्राइबर अशा पाच भूमिका मुळातच असतात. पीक सल्ला लिहिणाऱ्यास कॉन्ट्रिब्युटर ही भूमिका पुरेशी आहे. त्याला मजकूर लिहिता येतो, परंतु स्वतः प्रसिद्ध करता येत नाही, आणि एकदा प्रसिद्ध झालेल्या लेखाला नंतर हातही लावता येत नाही. औषधाच्या मात्रेसारख्या मजकुरास हे बंधन हितावहच ठरते. अडचण एवढीच, की या भूमिकेत छायाचित्रे चढविता येत नाहीत, आणि अळीच्या छायाचित्राविना सल्ला अपुरा वाटतो. म्हणून त्या लेखकास थेट ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकण्याची चूक घडते. छायाचित्रे एडिटरने जोडावीत, हा मार्ग अधिक बरा. ऑथर स्वतःचे लेख छायाचित्रांसह परस्पर प्रसिद्ध करू शकतो. त्यामुळे तपासणीशिवाय लिहू देण्याइतका विश्वास ज्यांच्यावर आहे, त्यांनाच ही भूमिका द्यावी. बियाणे नोंदणीसारखी स्थिर पाने एडिटरच्या हाती असावीत. ॲडमिनिस्ट्रेटर दोघेच पुरेत. एकच असल्यास तो आजारी पडताच सारे काम अडते.

बाहेरच्या तंत्रज्ञास संस्थेचा पासवर्ड देऊ नये. त्याच्या नावे वेगळे खाते उघडावे, तारीख नोंदवहीत लिहावी, काम सुरू होण्यापूर्वी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढून ठेवावी आणि काम संपताच खाते बंद करावे. येथे एक गोष्ट हमखास नजरेआड होते. डिसेंबर २०२० मधील ५.६ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ची सोय आहे, भ्रमणध्वनीवरील ॲप किंवा अन्य सेवा त्याद्वारे संकेतस्थळाशी जोडता येतात. मुख्य पासवर्ड बदलला तरी हे पासवर्ड चालूच राहतात. ते वापरकर्त्याच्या प्रोफाइल पानावरून स्वतंत्रपणे रद्द करावे लागतात.

याहून खोल प्रश्न मालकीचा. डोमेन, होस्टिंग आणि त्यांच्याशी जोडलेला ईमेल यांवर ज्याचा ताबा, त्याच्या हाती खरे संकेतस्थळ असते, कारण पासवर्ड नव्याने ठरविण्याचा दुवा त्या ईमेलवरच येतो. अनेक छोट्या संस्थांत डोमेन संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या वैयक्तिक नावावर असते. पुढे संबंध बिघडले किंवा नूतनीकरण राहून गेले, तर संस्थेला स्वतःचे नाव परत मिळविणे कठीण जाते. तेव्हा डोमेनची नोंद संस्थेच्या नावे आणि ईमेल पदाच्या नावे असावा. बदली झालेल्या अधिकाऱ्याचा खासगी पत्ता तेथे राहू नये.

बदली किंवा राजीनाम्याच्या दिवशीच प्रवेश काढून घ्यावा. खाते हटविताना वर्डप्रेस विचारते, की या व्यक्तीचे लेखन पुसावे की दुसऱ्याच्या नावे करावे. घाईत पहिला पर्याय निवडल्यास त्या विशेषज्ञाने लिहिलेले वर्षानुवर्षांचे सल्ले त्याच्या खात्यासोबत जातात. दुसरा पर्याय निवडावा, अथवा खाते न हटविता त्याची भूमिका तेवढी काढून घ्यावी.

एवढे करूनही संकेतस्थळावर परकी घुसखोरी आढळली, तर आधी नोंदणीचे पान बंद करावे, सर्व पासवर्ड बदलावेत आणि शेतकऱ्यांना दूरध्वनीने व गटांवर कळवावे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी व शासकीय संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावयाची असते.