करवलीचे पोलके आणि शिवणीतली माया

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो. आणि त्याच्या आधीच शिंप्यांचा. फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच कपाटांतून नव्या साड्या बाहेर निघतात, सराफाकडे फेऱ्या होतात आणि घरातली बायकामंडळी पिशव्या घेऊन शिंप्याच्या दुकानी हजर होतात. मास्तर गळ्यातली टेप हातात घेतात, आणि नेमकी त्याच वेळी एखादी करवली हळूच म्हणते, "मास्तर, दोन-तीन इंच कमीच धरा हं! लग्नापर्यंत मी खूप बारीक होणार आहे."

मास्तर हसत नाहीत. हे वाक्य त्यांनी दर हंगामात ऐकलेले असते. तीन इंच कमी धरून शिवलेली पोलकी लग्नाच्या आदल्या रात्री कशी परत येतात, हेही त्यांनी पाहिलेले असते.

करवलीचा मान काही लहान नव्हे. हातात कऱ्हा घेऊन ती मागे उभी असते खरी. पण अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना जितक्या नजरा असतात, त्यांतल्या निम्म्या तिच्याकडे वळतात. हल्ली तर सख्ख्या, चुलत, मावस बहिणी आणि मैत्रिणी मिळून सगळ्या करवल्यांचे कपडे एकाच रंगाचे असतात. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती लग्नांत नवरीबरोबर चालणाऱ्या ब्राइड्समेड एकसारखा पोषाख करतात. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुली मैत्रिणींच्या लग्नांत ब्राइड्समेड होतात, तेव्हा त्यांना तर झग्याचे माप कित्येक महिने आधी कळवावे लागते. पोषाख निराळे, पण पेच एकच : वजन भराभर उतरणार असे वाटते आहे, मग माप कोणते द्यावे?

उत्तर सरळ आहे. माप आजचे द्यावे आणि शिवणीत माया ठेवावी.

हिशेब कागदावर मांडा

आपण उदाहरणच घेऊ. करवलीचे आजचे वजन 90 किलो, छातीचे माप 44 इंच, आणि लग्नाला 16 आठवडे अवकाश. आठवड्याला अर्धा ते एक किलो वजन उतरणे ही डॉक्टरांच्या मते बेताची गती. म्हणजे 16 आठवड्यांत 8 किलो, आणि फारच निष्ठेने पथ्य पाळले तर 16. त्यातही मधे दिवाळी, दोन साखरपुडे, एक डोहाळजेवण आणि केळवणांची रांग! तेव्हा आठ किलो धरणे शहाणपणाचे. पाच-सहा किलोंमागे कपड्याचा साधारण एक नंबर बदलतो, असा ढोबळ अंदाज आहे. उंचीप्रमाणे आणि अंगलटीप्रमाणे तो थोडा मागेपुढे होतो. म्हणजे 44 चे 42 होईल, कदाचित 40. ते 36 होणार नाही.

"पण मी इंजेक्शन घेते आहे," असे कोणी म्हणेल. वजन उतरवणारी ही नवी औषधे भारतात 2025 साली आली : मार्च महिन्यात माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही. त्यांचा गुण खरा आहे. पण वेळ किती लागतो तेही पाहावे. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाची जी मोठी चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली, तीत सरासरी 15 टक्के वजन उतरले, ते 68 आठवड्यांत. 90 किलोंचे 15 टक्के म्हणजे साडेतेरा किलो, आणि 68 आठवडे म्हणजे जवळजवळ सोळा महिने. शिवाय मात्रा हळूहळू वाढवत पूर्ण मात्रेपर्यंत पोहोचायलाच 16 आठवडे लागतात. म्हणजे आपली करवली पूर्ण मात्रेला पोहोचेल तेव्हा मांडव उभा राहिलेला असेल! अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या वाटेला जाऊच नये.

पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर गोष्ट निराळी. तिच्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत वजन फार वेगाने उतरते आणि पुढेही वर्ष-दीड वर्ष उतरत राहते. अशा वेळी चार महिन्यांत तीन-चार नंबरांचा फरक पडू शकतो. तिच्यासाठी तोड पुढे सांगितली आहे.

माया कशी ठेवावी

शिवणीच्या आत जे जादा कापड दडलेले असते, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. किती नेमका शब्द! बाहेरून दिसत नाही, पण अडचणीच्या वेळी तीच उपयोगी पडते.

पोलक्याला दोन बाजूंच्या शिवणी असतात आणि प्रत्येक शिवणीत पुढचा व मागचा असे दोन काठ एकत्र येतात. म्हणजे एकूण चार काठ झाले. प्रत्येक काठावर एक इंच जादा माया ठेवली, तर गरज पडेल तेव्हा पोलके चार इंचांनी सैल करता येते. मास्तरांना आधीच सांगून ठेवावे : बाजूला दोन-तीन टिपा मारा, म्हणजे एक उसवली की दुसरी तयार; मायेचे कापड कापू नका; अस्तरालाही तेवढीच माया ठेवा. अस्तर विसरले, तर वरचे रेशीम सैल होऊन काही लाभ नाही.

मोठे पोलके लहान करणे सोपे, लहानाचे मोठे करणे अवघड. हे तर घरोघरी ठाऊक आहे. पण लहान करण्यालाही मर्यादा आहे. दोन नंबरांपर्यंत बाजूच्या शिवणी आत घेऊन भागते. त्यापलीकडे गेले की मुंढा खाली उतरतो, खांदा घसरतो, गळा पुढे झुकतो आणि छातीच्या चुण्या भलत्याच जागी येतात. कारण अंग सगळीकडून सारखे उतरत नाही. एकीची कंबर आधी उतरते, दुसरीचे दंड, तिसरीचा चेहरा. खांद्याची रुंदी मात्र हाडांची. ती फारशी बदलत नाही. म्हणूनच "सगळीकडून तीन इंच कमी करा" या सांगण्याला शिवणकामात अर्थ नाही.

कापड आणि बेत

ज्या करवलीचे माप खरोखरच झपाट्याने बदलत आहे, तिने पोषाखच असा निवडावा की तो तिच्याबरोबर बदलेल. पहिला मान साडीचा. साडीला नंबर नसतो. निऱ्या चार कमी किंवा दोन जास्त, एवढाच फरक. नाडीचा घागरा त्याच जातीचा. नेफ्यातली नाडी ओढली की झाले. कमरेला साखळी लावलेला घट्ट घागरा मात्र टाळावा.

पोलक्याचे म्हणाल, तर आपल्या आज्यापणज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. खणाची चोळी पुढे गाठ मारून घालत. अंग भरले तर गाठ टोकाला, उतरले तर आत. आज कोणी तशी चोळी घाला असे म्हणत नाही; पण पाठीला नाड्या किंवा बंद ठेवलेले पोलके हे त्याच युक्तीचे नवे रूप. आकड्यांची दुसरी ओळ शिवून घेतली तरी इंच-दीड इंचाची सोय होते.

कापडही बघून घ्यावे. सुती किंवा खणाचे कापड उसवून पुन्हा शिवले तरी निभावते. पातळ ऑर्गन्झा, साटीन, मखमल यांवर जुन्या टिपेची भोके आणि वळ दिसत राहतात. जर आणि टिकल्यांचे भरतकाम बाजूच्या शिवणीपर्यंत नेले असेल, तर ते उसवण्यापूर्वी मास्तर दोनदा विचार करतील. म्हणून भरतकाम गळ्यावर, पाठीवर, बाह्यांवर असावे. बाजूच्या शिवणी साध्या ठेवाव्यात. पोलक्याचे कापड साडीतच आलेले असेल, तर मायेसाठी ते पुरते का हे कात्री लावण्याआधी पाहावे. चुकीचे बेतल्यावर तसेच कापड पुन्हा मिळत नाही.

वेळेचा क्रम असा : कापड घेण्याची घाई हवी तर आज करा, एकाच रंगाचे कापड मागाहून मिळत नाही. बेतायला मात्र लग्नाआधी सहा आठवडे द्या. शस्त्रक्रिया झालेलीने तीन आठवड्यांवर आणावे आणि मास्तरांशी तसे आधीच ठरवून ठेवावे. शेवटचे घालून पाहणे आठ-दहा दिवस आधी. आणि तेही ज्या अंतर्वस्त्रांवर पोलके घालायचे तीच घालून. मांडीही घालून पाहा, हात वरही करून पाहा. कऱ्हा धरायचा आहे, अक्षता टाकायच्या आहेत.

तयार कपड्यांचे आकडे

तयार झगा मागवणाऱ्या मुलींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कपड्यावरचा नंबर म्हणजे काही देवाने दिलेला आकडा नव्हे. अमेरिकेत 1939–40 साली जवळजवळ 15,000 स्त्रियांची, प्रत्येकीची 59 मापे घेतली गेली. पण गोऱ्या स्त्रियांचीच मापे हिशेबात धरली. त्याच आधारावर 1958 साली तिथे प्रमाण मापे ठरली, आणि 1983 साली ती रद्दही झाली. आज प्रत्येक दुकानाचा तक्ता निराळा. तेव्हा नंबराकडे न पाहता त्या दुकानाच्या तक्त्यातले इंच पाहावेत. छाती एका नंबरात, कंबर दुसऱ्यात आणि नितंब तिसऱ्यात बसत असतील, तर तिघांतला मोठा नंबर मागवावा. उरलेले शिंपी आत घेईल.

आरशापुढे

एवढा हिशेब मांडल्यावरही पुष्कळ मुली लहान मापाचाच हट्ट धरतात. का? कारण ते पोलके त्यांच्या लेखी पोलके नसते, पण असतो. आणि तो पण बहुधा तिने एकटीने केलेला नसतो. "लग्नापर्यंत जरा बारीक हो गं, फोटो यायचे आहेत," असे मावशी म्हणते. "हिला कुठले माप मिळायचे?" असे आत्या हसत हसत म्हणते. कुणाच्या मनात वाईट नसते. पण मुलगी ते ऐकून घरी जाते आणि दुसऱ्या दिवसापासून जेवण सोडते.

उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवले, तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. म्हणजे कंबर बारीक करायला गेले आणि ऐन लग्नात वेणीच बारीक झाली! शिवाय कपाटात टांगलेले ते आवळ पोलके तिला रोज धमकावत राहते. उत्साहाच्या घरात एक मुलगी मनातून लग्नाची तारीख पुढे जावी असे मागू लागते. बहिणीच्या लग्नात असे कुणाला वाटावे का?

वजन उतरवणे चांगलेच आहे. डॉक्टरांनी सांगितले असेल तर ते जरूर करावे; पण गुडघ्यांसाठी, रक्तदाबासाठी, पुढच्या वीस वर्षांसाठी करावे. पोलके त्याच्या मधे आणू नये. उतरलेच वजन, तर मास्तर दोन टिपा आत घालतील, आणि त्या दोन टिपांचा आनंद काही निराळाच. नाही उतरले, तरी करवली मोकळा श्वास घेत मांडवात उभी राहील, पंगतीत बसून जिलबीही खाईल.

घरच्या वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे : मुलीबरोबर शिंप्याकडे जावे, टेप फिरत असताना आकड्यावर काही बोलू नये, आणि शेवटी मास्तरांना हळूच सांगावे, "माया भरपूर ठेवा."