दहा बाय बाराच्या हॉलमधलं होम थिएटर

बीड, अंबाजोगाई किंवा परळीतल्या नव्या घराचा हॉल पुष्कळदा दहा बाय बारा फुटांचा असतो. वर स्लॅब, खाली फरशी, चारी बाजूंना गिलावा केलेल्या भिंती. स्पीकरचा आवाज या कडक पृष्ठभागांवर आपटून परततो, मूळ आवाजात मिसळतो आणि संवाद घुमू लागतात. जुन्या माळवदाच्या घरात हा त्रास कमी, कारण मातीचा लेप, लाकडी छत आणि भिंतींतले कोनाडे आवाज थोडा शोषतात, थोडा विखुरतात. स्लॅबच्या घरात मात्र संच किती वॉटचा आहे यापेक्षा तो कुठे ठेवला आहे याला जास्त महत्त्व येतं.

५.१ संचात पाच स्पीकर आणि एक सबवूफर असतो. मधला स्पीकर संवादांचा. तो टीव्हीच्या लगेच खाली किंवा वर, तोंड ऐकणाऱ्याकडे करून ठेवावा. शोकेसच्या खणात आत ढकलला, की माणसं डब्यातून बोलल्यासारखी वाटतात. डावा-उजवा स्पीकर ऐकणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर हवा. कोनमापक लागत नाही, सुतळी पुरते. दोन स्पीकरमध्ये आठ फूट अंतर असेल, तर बैठकही प्रत्येकापासून आठ फुटांवर, म्हणजे समोरून साधारण सात फुटांवर येते. दहा फुटी भिंतीशी हे नेमकं बसतं आणि दोन्ही कोपरे फूटभर मोकळे राहतात. उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी.

खरा घोळ मागच्या दोघांचा. वायर दिसू नये म्हणून ते सज्ज्यावर किंवा स्लॅबच्या कोपऱ्यात चढवले जातात. तिथून आवाज येतो तो छतावरून घरंगळत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार त्यांची जागा १०० ते १२० अंशांवर, म्हणजे पाठीमागे नव्हे, तर कानांच्या जरा मागे दोन्ही बाजूंना आहे. कानापेक्षा फूट-दोन फूट उंच चालतात. दिवाण मागच्या भिंतीला टेकवलेला असेल तर तो पुढे ओढावा, कारण भिंतीलगत खर्ज फुगतो.

खर्जाचं गणित खोलीच्या मापावर चालतं. दहा फुटी अंतरात सुमारे ५६ हर्ट्झचा सूर घुमतो, बारा फुटीत ४७ चा. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असतील तर एकच सूर तिप्पट जोरानं अंगावर येतो, आणि अशा चौकोनी खोल्या काही कमी नाहीत. त्यावर उपाय म्हणजे सबवूफर बसायच्या जागी ठेवून खर्ज असलेलं गाणं लावायचं आणि भिंतीकडेनं जमिनीवर रांगत ऐकायचं. जिथे खर्ज सुटसुटीत ऐकू येईल तिथे सबवूफर न्यायचा. शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर ती बाजू टाळावी. खर्ज विटांना दाद देत नाही.

समोरच्या फरशीवर जाड सतरंजी किंवा वाकळ अंथरली, खिडकीला जड पडदा लावला, की परतणारा आवाज बराच मऊ होतो. उन्हाळ्यात कूलरची घरघर हळू संवाद गिळते. त्या वेळी सगळा आवाज वाढवण्याऐवजी ॲम्प्लिफायरमध्ये फक्त मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलनं चढवावी.