‘अभिलेख आढळून येत नाही’ म्हणजे नेमकं काय?

आज एका वाक्याबद्दल बोलू. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जुनी नोंद मागायला गेलेल्या अनेकांच्या हातात ते पडलेलं असतं: ‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.’ खाली सही, शिक्का. विषय संपला.

पण संपतो का? समजा, एका मुलीला इतर मागासवर्गाचं जात वैधता प्रमाणपत्र हवंय. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. वडिलांचा जन्म त्यानंतरचा, म्हणून आजोबांची नोंद शोधायची. ती सापडली तर गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, नाहीतर शहरातल्या जन्म-मृत्यू रजिस्टरात. एकच ओळ असते, पण तिच्यावर मुलीचा प्रवेश अडलेला असतो. 2023 साली कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली, तेव्हा सगळ्या राज्याने हे पाहिलं. जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली.

आता थोडं तत्त्वज्ञान, घाबरू नका. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणून तिथे घागर नाही, हे मला कळतं. पण त्याला एक अट आहे: घागर असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. हिला म्हणतात योग्यानुपलब्धी. अंधारात घागर दिसली नाही, तर ‘मला दिसली नाही’ एवढंच सिद्ध होतं. नैयायिक हे वेगळं प्रमाण मानत नाहीत, पण ही अट तेही सोडत नाहीत.

आपल्या रेकॉर्ड रूमला हेच लावून बघा. तिथला उजेड कोणता? बल्ब नव्हे, सूची. कोणत्या कपाटात, कोणत्या गठ्ठ्यात, कोणत्या वर्षाचं काय आहे, याची यादी. ती असेल तरच ‘नाही’ या उत्तराला अर्थ आहे. नसेल, तर ते वाक्य कागदाबद्दल काहीच सांगत नाही. फक्त शोधणाऱ्याला सापडलं नाही, इतकंच सांगतं. आणि आपण मात्र ते पुरावा म्हणून स्वीकारतो!

हे काही माझं नवं म्हणणं नाही. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 चं कलम 4 काय म्हणतं? अभिलेख सूचीबद्ध करून ठेवणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे, कुणी अर्ज करो वा न करो. त्याच वर्षीचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आहे. शिवाय आपल्याकडे वर्गीकरणाची जुनी रीत आहेच: ‘अ’ कायम ठेवायचे, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ आणि ‘ड’ त्याहून कमी. मुदत संपलेले कागद रीतसर, आदेशाने, यादी करून नष्ट करायचे. हेही जतनाचंच काम आहे बरं का. कुणी काही फेकत नाही, म्हणून ‘अ’चं रजिस्टर ‘ड’च्या गठ्ठ्याखाली ओल खात पडतं.

तुम्ही म्हणाल, ‘सर, सगळं स्कॅन करून टाकू.’ जरूर करा, पण यादीनंतर. ढीग स्कॅन केला की संगणकात ढीगच तयार होतो. कसोटी सोपी आहे: काल रुजू झालेल्या लिपिकाला, कुणालाही न विचारता, 1952 सालचं रजिस्टर काढता येतं का? बऱ्याच ठिकाणी खरी सूची एखाद्या जुन्या शिपायाच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त झाला की तीही घरी जाते.

सरकारी जुन्या कागदांना निदान पुराभिलेखागार आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल सोडवून रियासतकार सरदेसाईंनी निवडक कागदांचे 45 खंड काढले, म्हणून तो काळ आपल्याला वाचता आला. नगरपालिकेच्या कागदांना असं घर क्वचितच मिळतं. त्यासाठी इमारत नको. एक कोरडी खोली, एक जबाबदार माणूस, सूचीची प्रत सगळ्यांना बघता येईल अशी, आणि आठवड्यातून एक दिवस मोडी वाचणारा, एवढ्यावर सुरुवात होते.

शेवटी एक मागणी, ती तुम्हीही करू शकता. ‘आढळून येत नाही’ हे वाक्य बंद करा. त्याऐवजी तीनपैकी एक उत्तर द्या. एक: त्या वर्षाचं रजिस्टर पूर्ण तपासलं, नोंद नाही. दोन: रजिस्टर अमुक आदेशाने, अमुक तारखेला नष्ट केलं. तीन: रजिस्टर असायला हवं होतं, हरवलं आहे, शेवटी अमुक जणांच्या ताब्यात होतं.

पहिल्या उत्तराने ती मुलगी दुसरीकडे शोधायला मोकळी होते. दुसऱ्याने तिला समितीपुढे ठेवायला कागद मिळतो. आणि तिसऱ्याने? तिसऱ्याने चूक तिची नाही, कार्यालयाची आहे, हे लेखी कबूल होतं. मला वाटतं, आजचं ते गुळगुळीत वाक्य टिकून आहे ते या तिसऱ्या उत्तराच्या भीतीनेच.

आता प्रश्न घेऊ.