मराठी शिकवताय? व्हॉट्सॲपचा असा वापर करून बघा!

मंडळी, अमराठी विद्यार्थ्यांना मराठी शिकवणाऱ्यांसाठी खिशातला फोन म्हणजे वर्गाचा उरलेला अर्धा भाग आहे. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गात प्रत्येकाला बोलायला मिळतात जेमतेम काही मिनिटं. ती कसर इथे भरून निघते.

🎙️ व्हॉइस मेसेज: व्हॉट्सॲपवर ही सोय २०१३पासून आहे. 'चार' आणि 'चारा' यांतल्या च चे दोन उच्चार, किंवा 'ळ', आपल्या आवाजात पाठवा. विद्यार्थी पुन्हा पुन्हा ऐकतो, स्वतःचं रेकॉर्डिंग तपासतो, हवं तर पुसून नव्याने करतो आणि मगच पाठवतो. चारचौघांत बोलायला बुजणारेही इथे मोकळे होतात.

✍️ लेखन: रोज एक फोटो टाका, त्यावर दोन वाक्यं मागा. दुरुस्ती शक्यतो वैयक्तिक मेसेजमध्ये करा. एकच चूक अनेकांची असेल, तर नाव न घेता ग्रुपवर समजवा.

✅ चाचणी: टेलिग्रामवर २०२०पासून क्विझ पोल आहेत. 'तो पुस्तक, ती पुस्तक की ते पुस्तक?' उत्तर बरोबर की चूक, ते लगेच कळतं.

⚠️ पथ्यं: व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून आधी परवानगी घ्या. मुलं लहान असतील तर पालकांनाच जोडा. उत्तर देण्याची वेळ ठरवा. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवून तिथे फक्त ॲडमिनलाच लिहू द्या.

भाषा रोज थोडी थोडी वापरली की अंगवळणी पडते. तुम्ही काय करता? कमेंटमध्ये नक्की सांगा!

#मराठी_शिकवूया