शनिवारी निघावे, रविवारी परतावे



दिवाळीची सुट्टी संपली आणि नागपुरात सकाळी गारवा जाणवू लागला, की आमच्या शाळेच्या सायकल-स्टँडपाशी वरच्या वर्गातील चारपाच मुले घोळका करून उभी दिसतात. "सर, या शनिवारी सौंसरला जाऊ. रात्री तिकडेच तंबू ठोकू, रविवारी परत येऊ." सायकल कोणती, तंबू केवढ्याचा, पिशव्या कशा बांधावयाच्या, यांची चर्चा त्यांनी आधीच संपविलेली असते. मग मी विचारतो, "रात्री नेमके कोठे झोपणार?" यावर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. "ते पाहू तिथे गेल्यावर," असे उत्तर येते.

आजचे माझे बोलणे या एका उत्तराविषयी आहे. मोठ्या शहरातून एका रात्रीपुरते सायकलीवर बाहेर पडणे हा फार निर्मळ आनंद आहे, आणि तो अवघडही नाही. मात्र अशी सहल घराच्या दारापासून पुढे आखावयाची नसते. मुक्कामाच्या जागेपासून मागे, उलट आखीत यावी लागते. आधी जागा, मग तेथे पोहोचण्याची वेळ, मग निघण्याची वेळ आणि सर्वांत शेवटी सामान. आपण बहुधा हा क्रम बरोबर उलटा करतो.

आपण सौंसरचेच उदाहरण घेऊ. नागपूरहून कोराडी, पाटणसावंगी करीत सावनेर सुमारे ३७ किलोमीटर आहे. तेथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक पांढुर्ण्यावरून बैतुलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. सौंसर सावनेरहून आणखी तीस किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे एकूण मजल ६५ ते ७० किलोमीटरांची झाली. पांढुर्णा नागपूरहून शंभराच्या जवळपास पडते.

आता घड्याळ हाती घ्या. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाच वाजून गेले की सूर्य मावळतो आणि त्यानंतर पाऊण तासात पुरता काळोख होतो. तंबू उभारणे, पाणी भरणे, चूल पेटविणे यांस एक तास उजेड हवा. जागेच्या मालकाची गाठ घेऊन परवानगी मिळविण्यास अर्धा तास हवा. म्हणजे मुक्कामाच्या गावी चार वाजता पोहोचलेच पाहिजे. सामान लादलेली सायकल सपाट रस्त्यावर तासाला बारातेरा किलोमीटरांहून अधिक चालते असे धरू नये. त्यातच हा रस्ता हळूहळू चढत जातो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, तर छिंदवाडा पावणेसातशेच्या घरात. शिवाय हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून, म्हणजे तोंडावर येतो. ६८ किलोमीटरांस सव्वापाच तास धरा. जेवण, चहा, विसावा यांस पावणेदोन तास. पंक्चर, तुटलेली चेन, कोणाच्या पायात आलेला गोळा यांसाठी एक तास राखीव. आठ तास झाले. चार वाजता पोहोचावयाचे तर सकाळी आठला नागपूर सोडले पाहिजे.

ज्यांची शनिवारी अर्धी शाळा किंवा अर्धी कचेरी असते त्यांनी हाच हिशेब दुपारी बारापासून मांडून पाहावा. चार तास हाती उरतात. त्यांतून विसाव्याचा आणि अडचणीचा एक तास वजा करा. तीन तासांत ३९ किलोमीटर होतात. म्हणजे दुपारी निघणाऱ्याच्या नशिबी सावनेर आहे, सौंसर नाही. हे मान्य करण्यात कमीपणा कसला?

मी हे मोठ्या शहाणपणाने सांगत आहे असे समजू नका. हा हिशेब मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी पाच मुलांना घेऊन मी शनिवारी दुपारीच निघालो होतो. फोनमधील नकाशाने चार तास दाखविले होते. मी त्यात चहापुरती भर घातली आणि निश्चिंत झालो. सावनेरच्या अलीकडे एकाचे पंक्चर झाले, पुढे दुसऱ्याचा ब्रेक घासू लागला. सौंसरच्या परिसरात पोहोचेतो सात वाजून गेले होते. नदीकाठी तंबू ठोकावयाचा असे मनाशी ठरविले होते, पण तो नदीकाठ मी उजेडी कधी पाहिलेला नव्हता. संत्र्याच्या बागेच्या कडेने एक पायवाट खाली जाताना दिसली. पुढचा मुलगा बॅटरी घेऊन सायकल ढकलीत त्या वाटेस लागला.

तेवढ्यात बागेतून एक म्हातारा राखणदार ओरडत धावत आला. "नका जाऊ जी तिकडे! तारेत करंट हाय!" आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कोणीतरी पलीकडच्या शेताच्या कडेने उघडी तार ओढून तीत वीज सोडली होती. हा गुन्हा आहे. अशा तारांनी जनावरांप्रमाणे माणसेही दगावतात. तरीही रात्री असे होते, आणि काळोखात ती तार दिसत नाही. त्या गृहस्थाने आम्हांला आपल्या खोपटापाशी नेले, भाकर आणि वांग्याची भाजी दिली, अंगणात झोपू दिले. सकाळी मी ती जागा पाहून आलो. आमच्या पहिल्या सायकलीच्या चाकाचा माग तारेपासून तीन हातांवर थांबला होता.

परत आल्यावर मी पाचही मुलांच्या घरी जाऊन घडले ते सांगितले. चार पालकांनी ऐकून घेतले. एका वडिलांनी आपल्या मुलास पुन्हा माझ्याबरोबर पाठविले नाही. त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

तेव्हापासून जागेच्या बाबतीत मी काही नियम पाळतो. पहिला असा की जागा आधी निश्चित झालेली असावी. गावची शाळा, मंदिराची धर्मशाळा, ओळखीच्या शेतकऱ्याचे खळे, अशा ठिकाणी आठवडाभर आधी फोन करून विचारावे. मध्य प्रदेशातील गावात सरपंच किंवा कोटवार यांना भेटले की बहुतेक कामे सोपी होतात. जवळच्या पोलीस ठाण्यास आपण किती जण आहोत आणि कोठे राहणार हे कळवावे. सौंसरजवळ जामसावळीचे हनुमान मंदिर प्रसिद्ध आहे; तेथील मूर्ती निद्रिस्त अवस्थेतील आहे. पण शनिवारी आणि मंगळवारी तेथे दर्शनास मोठी गर्दी लोटते. आपली सहल नेमकी शनिवारची असते, म्हणून तेथे आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर जाऊ नये.

दुसरा नियम बागेविषयी. या भागाची खरी संपत्ती म्हणजे संत्री. आंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या तोंडी उतरू लागतात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चकडे. आपल्या सहलीचे दिवस आणि शेतकऱ्याच्या राखणीचे दिवस एकच असतात. वर्षाची कमाई झाडावर लटकत असताना रात्री बागेत अनोळखी उजेड दिसला तर त्याने काय समजावे? विचारल्याशिवाय बागेत पाऊल टाकू नये आणि फळ तोडू नये. मागितले तर शेतकरी ओंजळभर देतो. मात्र फवारणी झालेली असू शकते, म्हणून फळ धुऊनच सोलावे.

तिसरा नियम असा की नाल्याच्या कोरड्या पात्रात, जंगलाच्या कडेला आणि हमरस्त्याला लागून तंबू नको. सौंसर-रामाकोना भागापासून उत्तरेस सातपुड्याचे सागवान सुरू होते. त्या रानात बिबट्या आहे, आणि पूर्वेस पेंचचे व्याघ्र-अभयारण्य आहे. वनखात्याच्या हद्दीत परवानगीवाचून रात्र काढता येत नाही. त्याच रस्त्याने पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. तो सुंदर आहे, पण एका रात्रीच्या सहलीत त्याचा मोह धरू नये. त्यासाठी तीन दिवसांची सुट्टी राखून ठेवावी.

सौंसर गाठण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे आगगाडी. नागपूर-इटारसी लोहमार्गावर काटोल, नरखेड यांच्यापुढे पांढुर्णा स्टेशन लागते. ज्या गाडीस सामानाचा डबा असतो तीत सायकल सामान म्हणून नोंदवून नेता येते. कोणत्या गाडीत ती सोय आहे हे पार्सल कचेरीत दोन दिवस आधी विचारून ठेवावे. सकाळी गाडीने पांढुर्णा गाठावे आणि तेथून सौंसरकडे वळावे. ही वाट तीसचाळीस किलोमीटरांची आहे. पांढुर्ण्याची जाम नदी सौंसरच्या मुलखातून वाहत जाऊन कन्हान नदीला मिळते. आपणही साधारण तिच्याच सोबतीने, उतारास लागतो. चारच्या आत सौंसरला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी उतारावरून, पाठीवर वारा घेऊन नागपूर. नवशिक्यांसाठी याहून सोयीची आखणी मला माहीत नाही. एकेकाळी सौंसरवरून नागपूर-छिंदवाडा अरुंद रुळांची छोटी गाडी जात असे. ती २०१५ साली बंद झाली आणि आता त्या मार्गावर रुंद रूळ आले आहेत. कोणी दमले, आजारी पडले, तर सौंसरहून परतण्यास ही गाडी आहे आणि एस्. टी. सारख्या बसगाड्याही आहेत. परतीचा असा दुसरा मार्ग माहीत असल्यावाचून मुले घेऊन निघू नये.

रस्त्याविषयी एक सावधगिरी. सावनेरहून पांढुर्ण्याकडे जाणारा ४७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी आहे आणि त्यावर मालमोटारींची रीघ असते. तेथे एकामागे एक, डावी कड धरून चालावे. गप्पांसाठी जोडीने चालू नये. डोक्यावर हेल्मेट, मागे लाल दिवा आणि अंगात उजळ रंगाचा सदरा हवा, दिवसासुद्धा.

सामानाचा प्रश्न शेवटी घेतो, कारण जागा आणि वेळ ठरली की तो आपोआप आटोपशीर होतो. सायकलीवर तंबू लादून फिरण्याची कला इंग्लंडात टॉमस हायरम होल्डिंग यांनी लोकप्रिय केली. हे गृहस्थ व्यवसायाने शिंपी होते. आयर्लंडातील सायकल-सहलीवर त्यांनी १८९८ मध्ये पुस्तक लिहिले आणि १९०१ साली सायकलस्वार तंबूवाल्यांची पहिली संस्था स्थापन झाली. शिंप्याची नजर कापडाच्या वजनावर असते, आणि सहलीचे निम्मे मर्म त्यातच आहे. दहा किलोंपेक्षा अधिक भार सायकलीवर नको. दोघांत मिळून एक हलका तंबू, प्रत्येकी एक सतरंजी आणि एक चांगले ब्लँकेट, कारण उघड्यावर डिसेंबरातील पहाट हाडे गोठविते. एक जादा ट्यूब, ठिगळे, सोल्युशन, पंप, पान्हा. मलमपट्टीचे सामान, बॅटरी, भरलेला फोन. रात्रीसाठी माणशी चार लिटर पाणी मुक्कामाच्या गावीच भरावे. नदीचे पाणी पिण्यास घेऊ नये. जड सामान खाली आणि दोन्ही बाजूंस सारखे बांधावे. शिध्यात पोहे, गूळ-शेंगदाणे, खिचडीचा डाळतांदूळ पुरे. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये; विंचवास ऊब आवडते.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा पंचेचाळीशी गाठतो तेव्हा सायकल घरीच बरी. पावसाळ्यात जाम आणि कन्हान यांचा भरवसा नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. दगडांच्या त्या माऱ्यात दरसाल शेकडो लोक जखमी होतात. त्या दिवशी सायकल घेऊन तिकडे फिरकू नये.

इतका खटाटोप एका रात्रीसाठी कशाला, असे कोणी विचारील. सौंसरच्या बाजारात माझ्या मुलांनी भाव विचारला तेव्हा उत्तर मराठीत आले आणि ती चकित झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि सौंसर त्यात आले. मुले तेथे हिंदीतून शिकतात, घरी आईशी मराठी बोलतात. राज्याची सीमा कोठे ओलांडली हे पाटीवरून कळते, कानांना कळत नाही. मोटारीत काचा चढवून बसलेल्यास हे समजावयाचे नाही. भूगोलाच्या पुस्तकात मँगनीजच्या संदर्भात भूगर्भशास्त्रज्ञांचा 'सौसर समूह' येतो. ते खडक ज्या मातीखाली आहेत तीवर रात्रभर पाठ टेकलेला मुलगा तो धडा विसरत नाही.

रविवारी सायंकाळच्या मिस्सेस मला हजर राहावयाचे असते, म्हणून आम्ही सकाळी सातलाच तंबू आवरतो. जागा होती त्याहून स्वच्छ करतो, यजमानाचा निरोप घेतो आणि दुपारी घरी येतो.

निघण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून तो घरी ठेवावा: कोठे झोपणार, तेथे कोणाचा फोन लागेल, किती वाजता पोहोचणार आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास शोध करावा. कागदावरची पहिली ओळ कोरी राहत असेल, तर त्या शनिवारी निघू नये. पुढचा शनिवार येतच असतो.